नायक जिंकणार हे ठाऊक असताना: सुपरहिरो आणि फँटसी कॉमिक्सच्या नव्या अंकाचं परीक्षण कसं लिहावं

गोव्यातल्या पेडण्यात आमच्या गावच्या जत्रेला रात्री दशावतार ठरलेला. आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा पूर्वरंग होतो, त्यात संकासूर लोकांना हसवून जातो आणि मग आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा लागते. आख्यान कुठलं हे सगळ्यांना ठाऊक, राक्षस मरणार हेही ठाऊक. तरी पहाटे दहीकाला होईपर्यंत माणसं उठत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी तिठ्यावर चहा पिताना जी चर्चा चालते, तिच्यात कथा कोणीच सांगत नाही. ‘राजपार्ट (राजाची भूमिका करणारा) बरा होता, पण युद्ध घाईत उरकलं.’ ‘तो बाकड्यावरून उतरला ते बघितलं? तिथेच कळलं, आता हा खवळणार.’ ‘शेवटच्या प्रवेशात झांज जरा जास्तच होती.’

कॉमिक्सच्या अंकांवर लिहायला लागले तेव्हा परीक्षण म्हणजे काय हे मला या चर्चेनं शिकवलं. सुपरहिरो हरणार नाही, हे वाचकाला माहीत असतं. पुढच्या अंकांची जाहिरातसुद्धा दोन-तीन महिने आधी येऊन गेलेली असते. म्हणून ‘काय झालं’ यावर लिहिलेलं परीक्षण वाचकाच्या हातात फारसं काही देत नाही. ते कसं दाखवलं, कुठल्या पानावर दाखवलं, कोणाच्या हातानं दाखवलं, हे सांगायला हवं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

वाचायला बसण्याआधी

अमेरिकी मासिक अंक साधारण ३२ पानांचा असतो. जाहिराती वगळल्या की कथेला २० ते २२ पानं उरतात. बहुतेक कथानकं पाच-सहा अंकांत पसरलेली असतात आणि नंतर एकत्र पुस्तकरूपात येतात. म्हणजे तुमच्यासमोर संपूर्ण नाटक नसतं, एक प्रवेश असतो. हे विसरलं की परीक्षण अन्यायकारक होतं.

नवे अंक तिकडे मुख्यतः बुधवारी येतात, त्यामुळे इथे डिजिटल अंक उघडून वाचेपर्यंत गुरुवार उजाडतो. माझे छापील अंक टपालाने येतात आणि तोवर ‘नवा’ अंक तीन-चार आठवड्यांचा झालेला असतो. त्याला हरकत नाही. परीक्षणात मात्र अंक छापील वाचला की पडद्यावर, हे आवर्जून लिहा. कारण खाली येईल.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: तुम्ही कोणासाठी लिहिताय? ही मालिका दर महिन्याला वाचणाऱ्यासाठी, मध्येच सोडून गेलेल्यासाठी, की फक्त सिनेमे बघितलेल्यासाठी? आपल्याकडे तिसऱ्या प्रकारचा वाचक सर्वांत जास्त. त्याच्यासाठी लिहायचं तर मागचं सगळं सांगत बसू नका. हा अंक समजण्यापुरतं दोन ओळींत सांगा.

पहिलं वाचन: पेन बाजूला

पहिल्यांदा सलग वाचा. नोंदी नकोत, मोबाइल नको. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. अंक मिटवा आणि न उघडता तीन गोष्टी कागदावर लिहा: कुठलं चित्र डोळ्यासमोर राहिलं, कुठे वाचता वाचता थांबलात, आणि कुठे गोंधळलात. या तीन ओळी जपून ठेवा. पुढच्या वाचनांत तुम्ही हुशार होता आणि हुशार झालेला वाचक आपला पहिला गोंधळ विसरतो. तुमचा वाचक मात्र तिथेच गोंधळणार आहे.

दुसरं वाचन: फक्त चित्रं

हे वाचन मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि बहुतेक परीक्षणांतून नेमकं हेच गळतं. संवादांच्या फुग्यांतले शब्द न वाचता पानं उलटा. गोष्ट कळते का? कोण रागावलाय, कोण घाबरलाय, कोण खोटं बोलतोय, हे चेहऱ्यांवरून आणि उभं राहण्यावरून समजतं का?

मग चौकटी मोजा. खरंच मोजा आणि पानाच्या आकड्यासमोर लिहून ठेवा: पान १ – एक, पान २ – पाच, पान ३ – सहा. वीस पानांची अशी यादी केली की अंकाची लय समोर दिसते. चौकटी लहान आणि दाटीच्या असल्या की वाचक भराभर पुढे जातो. मोठी, मोकळी चौकट आली की नजर रेंगाळते. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जे घडतं ते वाचकच मनात घडवतो. मुठ उगारली, पुढच्या चौकटीत माणूस जमिनीवर. मधला फटका आपण मारलेला असतो.

याचा उत्तम धडा १९६६ सालच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३३व्या अंकात आहे. स्पायडरमॅन प्रचंड यंत्राखाली दबलाय, वरून पाणी गळतंय आणि त्याला उठायचंय. चित्रकार स्टीव्ह डिट्को ही एकच कृती काही पानं लांबवतो. त्याचा जोर वाढतो तशी चौकटही मोठी होत जाते आणि शेवटी पानभर चित्रात तो यंत्र उचलून फेकतो. तो उठणार हे पहिल्या चौकटीपासून माहीत असतं. तरी ते पान आलं की आपल्या खांद्यांवरचंच ओझं गेल्यासारखं वाटतं. परीक्षणात ‘थरारक प्रसंग’ एवढंच लिहिलं, तर यातलं काहीच वाचकाला मिळत नाही. ‘चौकटी जोरासोबत वाढत जातात’ असं लिहिलं, की त्याला तो प्रसंग पाहता येतो.

आता छापील आणि पडद्याचा फरक. छापील अंकात पहिलं पान उजवीकडे असतं. पान उलटलं की डावीकडे सम आकड्याचं पान येतं. म्हणून जाणता लेखक धक्का सम पानावर ठेवतो आणि त्याआधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत पान उलटायला भाग पाडणारं काहीतरी ठेवतो. दार उघडलं जातंय, कोणीतरी मागे वळून पाहतंय, असं काही. मोबाइलवर एकेक चौकट पुढे सरकवत वाचलं की हा सगळा डाव नाहीसा होतो आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र काडेपेटीएवढं होतं. त्यामुळे मोबाइलवर वाचून ‘रचना सपाट आहे’ असं लिहिण्याआधी निदान पूर्ण पान दिसेल अशा मोठ्या पडद्यावर एकदा पाहा.

मारामारीची पानं वेगळी तपासा. दशावतारात रंगमंच म्हणजे एक बाकडं आणि समोरची मोकळी जागा, पण युद्धात कोण कुठे आहे याबद्दल शेवटच्या रांगेतल्या पोरालाही शंका नसते. कॉमिक्समध्ये ती शंका सहज येते. डावीकडचा नायक पुढच्या चौकटीत अचानक उजवीकडे गेला, मागची इमारत नाहीशी झाली, आठ पात्रांपैकी तिघं कुठे गेली ते कळलं नाही. अशी जागा सापडली की पान क्रमांकासह नोंदवा. आणि जिथे सगळं स्वच्छ दिसतं तिथेही नोंदवा. चांगल्या कामाची नोंद करायला आपण आळस करतो.

तिसरं वाचन: शब्द, तेही मोठ्यानं

नाटकाच्या तालमीत करतात तसं संवाद मोठ्यानं वाचा. दोन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली: बोलणाऱ्याचं चित्र झाकून फक्त फुगा वाचला तर कोण बोलतंय ते ओळखता येतं का? सगळेच एकसारखे खोचक बोलत असतील, तर लेखकाला पात्रांचे आवाज सापडलेले नाहीत. दुसरी: चित्रात जे दिसतंय तेच फुगा सांगतोय का? इमारत कोसळताना दिसते आणि नायक ‘इमारत कोसळतेय!’ म्हणतो, तेव्हा लेखकाचा चित्रकारावर विश्वास नाही असं समजा. जुन्या अंकांत ही रीत सर्रास होती. तिथे ती त्या काळाची म्हणून वाचावी, नव्या अंकात मात्र दोष म्हणून लिहावी.

फुग्यांचा क्रमही पाहा. नजर अडखळली, आधी उत्तर आणि मग प्रश्न वाचला गेला, तर ती चूक अक्षरकाराची, म्हणजे फुग्यांतली अक्षरं लिहिणाऱ्याची, किंवा चौकटीत जागाच न ठेवणाऱ्याची असते. तुमची नसते.

श्रेय कोणाचं, ते नीट वाचा

अंकाच्या पहिल्या काही पानांत नावं असतात: लेखक, पेन्सिलकाम करणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंग भरणारा, अक्षरं लिहिणारा, संपादक. परीक्षणात लेखकाचं नाव पाच वेळा आणि चित्रकाराचं एकदा येतं, रंगकाराचं तर येतच नाही. हे मला मनापासून खटकतं. अमर चित्र कथेचे अंक आपण सगळ्यांनी वाचले, पण ते देव आणि ते राजे राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या हातचे होते, हे किती जणांना लहानपणी ठाऊक होतं? मुळीकांनी पुढे हिंदी कॉमिक्समधला सुपरहिरो नागराजही चितारला. पौराणिक देव रेखाटणारा हात सुपरहिरोकडे वळला तेव्हा नायकाच्या उभं राहण्यात काय उतरलं, हा एका लेखाचा विषय आहे.

श्रेय वाटताना काम कसं होतं तेही माहीत हवं. काही लेखक पूर्ण संहिता देतात: कुठल्या पानावर किती चौकटी, कुठल्या चौकटीत काय. पण साठच्या दशकात मार्व्हलमध्ये दुसरी पद्धत रुळली. लेखक कथेचा आराखडा सांगायचा, चित्रकार पानं रचून काढायचा आणि संवाद नंतर भरले जायचे. दशावतारी नटाला आख्यान माहीत असतं, शब्द त्याचे स्वतःचे असतात. इथे शब्दांऐवजी चित्रं आधी यायची, एवढाच फरक. वर सांगितलेल्या डिट्कोच्या अंकात कथानकाचं श्रेयही त्याचंच आहे. म्हणून ‘लेखकानं हा प्रसंग सुंदर लांबवलाय’ असं बेधडक लिहू नका. खात्री नसेल तर ‘या पानावर’ असं म्हणा.

रंगांबद्दल लिहिताना ‘छान’ आणि ‘भडक’ या दोन शब्दांपलीकडे जा. कुठल्या जागेला कुठला रंग दिलाय? भूतकाळ वेगळ्या छटेत आहे का? रात्रीच्या प्रसंगात माणसं ओळखू येतात का? एका अंकाचे रंग मळकट आहेत असं मी एकदा लिहिलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की टॅबलेटवर रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू राहिला होता. लेखावर दुरुस्ती टाकली आणि तेव्हापासून रंगांसाठी अंक दिवसा, खिडकीशी बसून बघते.

अक्षरलेखनाचं एकच उदाहरण देते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सागा’ या फँटसी मालिकेत कथा सांगणारी मुलगी आहे. तिचं निवेदन चौकोनी पट्टीत छापलेलं नाही. चित्रकार फिओना स्टेपल्स ते स्वतःच्या हस्ताक्षरात थेट चित्रावर लिहिते. त्यामुळे ते निवेदन कोणाच्या तरी वहीतून आल्यासारखं वाटतं. अशा गोष्टी नजरेला पडायला लागल्या की परीक्षण आपोआप भरीव होतं.

फँटसीचा अंक असेल तर

इथे एक वेगळा प्रश्न विचारायचा असतो: या जगाचे नियम काय, आणि ते मला कसे कळले?

आपल्याकडचं देवचाराचं बघा. राखणदार आहे, रात्री गावाची सीव (हद्द) फिरतो, हातात दांडा असतो, त्याला रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) द्यावा लागतो, अमुक वाटेवर अमुक वेळी जाऊ नये. हे सगळं आम्हाला कोणी बसवून समजावलं नाही. आजी रोट ठेवताना दिसली. तिन्हीसांजेला एका वळणावर मामा बोलायचा थांबला. त्यावरून कळत गेलं. चांगली फँटसी असंच करते. वाईट फँटसीत पहिल्याच पानावर सात राज्यांची, तीन युद्धांची आणि एका शापाची माहिती पट्ट्यांमध्ये कोंबलेली असते.

तेव्हा नोंदवा: जादूला किंमत आहे का? कोणाला काय गमवावं लागतं? या जगात सामान्य माणूस काय खातो, कशाला भितो, याची एखादी तरी चौकट आहे का? नियम मोडला तर तो कथेच्या गरजेनं मोडला की लेखकाच्या सोयीनं? आणि चित्रकारानं ते जग किती घडवलंय? भांडी, कपडे, दारांच्या कड्या, छपरं यांवर तो थांबलाय का? फँटसीत पार्श्वभूमीच अर्धी कथा सांगते.

एका अंकाचा न्याय

पहिला अंक, मधला अंक आणि शेवटचा अंक यांना एकच फूटपट्टी लावू नका. पहिल्या अंकानं मला पात्राची काळजी वाटायला लावली का आणि पुढचा अंक घ्यायचं कारण दिलं का, एवढं बघावं. १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला ती कथा अवघ्या ११ पानांची आहे. चावा, शक्ती, गर्व, काकाचा मृत्यू, पश्चात्ताप, सगळं त्यात बसतं. आजचे अंक तेवढाच मजकूर पाच अंकांत पसरवतात. पसरवणं हा दोष नव्हे. पसरवलेल्या पानांत काय मिळालं ते तपासा: माणसं कळली, की नुसती वाट बघायला लावली?

मधल्या अंकाकडून शेवटाची अपेक्षा करू नका, पण त्यात काहीतरी बदललं पाहिजे. अंकाच्या सुरुवातीची आणि शेवटची स्थिती एकेका वाक्यात लिहा. दोन्ही वाक्यं सारखीच निघाली तर तो अंक जागच्या जागी फिरलाय. शेवटच्या अंकाला मात्र मागचा हिशेब मागाच.

आता लिहायला बसा

सहाशे ते आठशे शब्द पुरतात. कथानकाला एकच परिच्छेद. मी स्वतः अंकाच्या पहिल्या तिसऱ्या भागापलीकडचं काहीही उघड करत नाही. करावंच लागलं तर आधी स्पष्ट सांगते. मग एक पान निवडा, फक्त एक, आणि त्यावर मन लावून लिहा. वीस पानांबद्दल वीस विशेषणं देण्यापेक्षा एका पानाचं नीट वर्णन वाचकाला अंकाची खरी चव देतं.

विशेषणं खोडायची एक सवय लावून घ्या. समजा तुम्ही लिहिलंत: ‘चित्रं अप्रतिम आहेत आणि शेवट धक्कादायक आहे.’ ते खोडा आणि असं काही लिहा: ‘नऊ पानं नायिकेचा चेहरा एकदाही पूर्ण दिसत नाही. दहाव्या पानावर ती मुखवटा काढते तेव्हा तिचं वय बघून मी मागची पानं पुन्हा चाळली.’ दुसऱ्या वाक्यात एकही स्तुतीचा शब्द नाही, तरी वाचक अंक शोधायला निघेल.

शेवटी निवाडा द्या आणि तो कोणासाठी आहे हेही लिहा. तारे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. दिलेत तर तीन ताऱ्यांचा अर्थ काय, तो दर महिन्याला तोच राहू द्या.

मराठी शब्दांविषयी थोडं. चौकट, फुगा, निवेदनपट्टी, पानभर चित्र हे शब्द कोणालाही कळतात, ते वापरा. इंकर, कलरिस्ट असे शब्द जिभेवर रुळले असतील तर तेही चालतील. ओढूनताणून संस्कृत पारिभाषिक शब्द घडवू नका. पात्रांची नावं उच्चारानुसार एकदा ठरवा आणि तीच ठेवा. नाव बदलण्यात केवढी ताकद असते हे इंद्रजाल कॉमिक्सनं दाखवलं. १९६४ पासून निघालेल्या त्या मालिकेनं फँटमचा वेताळ केला. गोव्यात वेताळ हा ग्रामदैवत आहे, आमोण्याला, लोलयेला त्याची देवस्थानं आहेत, गावाची राखण तो करतो. त्यामुळे रात्री जंगलात फिरून दुष्टांना धडा शिकवणारा मुखवटाधारी वेताळ आमच्या आधीच्या पिढीला परका वाटलाच नाही. भाषांतरित अंकाचं परीक्षण करताना असे निर्णय शोधा. ते अनुवादकाचं कर्तृत्व असतं आणि त्याचं नावही लिहायला हवं.

चित्रं वापरायची तर मोजकीच वापरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि परीक्षणासाठी न्याय्य वापराला मुभा आहे. पण सलग पानं टाकणं म्हणजे अंकच वाटून टाकणं. ज्या चौकटीबद्दल लिहिलंय तीच द्या आणि चित्रकाराचं नाव त्याच ओळीत द्या. अंक प्रकाशकाकडून फुकट मिळाला असेल, तर तेही सुरुवातीलाच सांगा.

अंक जपणं

हे कामाचाच भाग आहे, कारण कथानक संपल्यावर तुम्हाला पहिला अंक पुन्हा काढावा लागतो. सहावा अंक आला की मी आधीची पाचही परीक्षणं वाचते. जिथे माझा अंदाज चुकला तिथे जुना मजकूर तसाच ठेवून खाली तारीख घालून नवी नोंद जोडते. त्यासाठी अंक जागेवर हवेत, आणि आपल्या पावसाळ्यात कागद टिकवणं सोपं नाही. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, कागद फुगतो, बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा लावून उभा ठेवा. खोका भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी खोका उघडून हवा लागू द्या, पण अंक थेट उन्हात ठेवू नका, रंग उतरतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या साफसफाईला सगळं घर हलतं, तेव्हा मी खोका कोणाला उचलू देत नाही. एकेक पिशवी पुसते, ओल लागलेला अंक वेगळा काढते आणि बाकीचे क्रमानं लावते.